सांगड, डबा आणि जाकीट : मोठ्या पाण्याचा एक छोटा इतिहास

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे दोन तालुके. सह्याद्री ओलांडताना ढग बहुतेक पाणी तिकडेच सांडून येतात, त्यामुळे येथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भूगोलाचे शिक्षक पर्जन्यछायेचे उदाहरण म्हणून याच भागाकडे बोट दाखवतात. अशा प्रदेशातल्या शाळेत तलावात कसे पोहावे, होडीत कसे बसावे हे कशासाठी शिकवायचे, असा प्रश्न कुणालाही पडेल.

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. गेल्या दीडशे वर्षांत या कोरड्या माळावर माणसाने पाणी आणले : आधी कालव्याने, मग धरणाने, अलीकडे शेततळ्यांनी. पाणी बदलले, पण पाण्यात उतरण्याची आपली विद्या मात्र विहिरीच्या आणि डोहाच्या काळातली राहिली. या दोहोंमधल्या अंतरात दरवर्षी माणसे बुडतात. हे अंतर कसे पडले आणि ते कसे कमी करता येईल, हे आपण या लेखात पाहू.

विहीर, डोह आणि सांगड

इंदापूर तालुका भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसला आहे. तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंहपूर येथे या नद्यांचा संगम होतो. धरणे होण्यापूर्वी या नद्या वर्षातले आठ महिने उताराने ओलांडता येत. पावसाळ्यात मात्र तर चाले, म्हणजे नावाडी लोकांना पैलतीरी नेत. होडी नसेल तेथे सांगड असे.

सांगड या शब्दापाशी जरा थांबायला हवे. ‘दोन गोष्टींची सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण मूळ वस्तू विसरलो आहोत. मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या कोशात सांगडीचे अर्थ दिले आहेत ते असे : एकमेकींना बांधलेल्या दोन होड्या, आणि पोहण्यासाठी एकत्र जोडलेले भोपळे. वाळवलेला दुधी किंवा कडू भोपळा आतून पोकळ असतो, साल कठीण होते, आणि तो पाण्यावर तरंगतो. असे दोन भोपळे दोरीने जोडून त्यांच्या मध्ये छाती टेकली की माणूस नदी पार करू शके. ऊस पिकणाऱ्या भागात गुऱ्हाळातली काहीलही याच कामाला येई.

पोहणे शिकण्याची जागा म्हणजे विहीर. पाठीला भोपळा, पांगाऱ्याचा हलका ओंडका किंवा पुढे रॉकेल-तेलाचा रिकामा डबा बांधून मुलाला पाण्यात सोडत. काठावर काका किंवा थोरला भाऊ दोरी धरून उभा असे. या पद्धतीत चांगले विज्ञान होते. पाच लिटर आकारमानाचा भोपळा पूर्ण बुडवला तर तो पाच किलो पाणी बाजूला सारतो. भोपळ्याचे स्वतःचे वजन अर्धा किलो धरले, तर साडेचार किलोचा आधार शिल्लक राहतो. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते, म्हणून डोके पाण्याबाहेर ठेवायला एवढा आधार पुष्कळ होतो. आर्किमिडीजचे नाव न ऐकलेल्या माणसांनी त्याच्या तत्त्वाचा असा पुरेपूर उपयोग केला होता.

या विद्येच्या मर्यादा मात्र विहिरीच्या होत्या. विहिरीचा काठ चार हातांवर असतो, पाण्याला लाटा नसतात, दोरी धरणारा माणूस जागा असतो. नदीच्या डोहातही पैलतीर हाकेच्या अंतरावर असे.

डोंगरातले तळे, माळावरचा कालवा

पहिला मोठा बदल झाला तो १८७६–७७ च्या दुष्काळानंतर. दुष्काळी काम म्हणून नीरा कालव्याला हात घातला गेला आणि १८८० च्या दशकात त्याचे पाणी वाहू लागले. हे पाणी येई डोंगरातून. भोरजवळ येळवंडी नदीवर भाटघर येथे धरण बांधून सह्याद्रीच्या कुशीत एक तळे तयार केले गेले. १९२० च्या दशकात तेथे अधिक उंच असे लॉइड धरण झाले. बारामतीच्या आणि इंदापूरच्या शिवारातून वाहणारा नीरा डावा कालवा म्हणजे, एका अर्थाने, डोंगरातल्या तळ्याचे माळावर पोहोचलेले टोक होय.

तळे आणि कालवा या दोन्ही पाण्यांचे स्वभाव विहिरीहून निराळे आहेत. भाटघरसारख्या डोंगरी जलाशयाचा काठ म्हणजे मुळात डोंगराचा उतार. नकाशावर समोच्चरेषा जेथे दाटीने असतात तेथे पाण्याखालीही उतार तीव्रच राहतो. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस दोन पावले पुढे गेला की डोक्यावर पाणी येते. पायाखालचा मुरूम ओला आणि सैल असतो, तो सरकतो. मे २०२२ मध्ये भाटघरच्या पाण्यात एकाच घटनेत पाच तरुण स्त्रिया बुडाल्या. अशा काठावर एकाचा पाय घसरला की वाचवायला धावणारी व्यक्ती त्याच उतारावरून खोल पाण्यात जाते, आणि तिच्यामागोमाग तिसरी. एका अपघातात अनेक जण का जातात, याचे उत्तर बहुधा या साखळीत असते.

कालव्याचा धोका उलट्या प्रकारचा. पाणी फार खोल नसते, पण ते सतत ओढत असते, आणि अस्तर केलेल्या बाजू शेवाळामुळे निसरड्या होतात. पोहता येणारा माणूसही बाहेर पडण्याच्या प्रयत्नात दमतो.

एका पिढीत आलेला सागर

दुसरा बदल याहून फार मोठा होता. सोलापूर जिल्ह्यात भीमेवर उजनी धरणाचे काम १९६० च्या दशकात सुरू झाले आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. पाणी मागे इंदापूर आणि दौंड तालुक्यांपर्यंत पसरले. गावे उठली, शेते बुडाली, पुणे–सोलापूर लोहमार्गाचाही काही भाग हलवावा लागला. पळसदेवचे जुने मंदिर पाण्याखाली गेले. कडक उन्हाळ्यात पाणी उतरले की ते वर दिसू लागते आणि लोक पाहायला गर्दी करतात.

लहानपणी भीमा पायी ओलांडलेली माणसे म्हातारी होण्यापूर्वीच त्यांच्या गावासमोर कित्येक किलोमीटर रुंदीचे पाणी उभे राहिले. समोरचे करमाळा तालुक्यातले गाव डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. म्हणून होड्या सुरू झाल्या. मासेमारी वाढली. भिगवणजवळच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी येऊ लागले आणि त्यांच्यामागे पर्यटकही आले.

समुद्रकाठच्या लोकांपाशी वारा, लाट आणि भरती-ओहोटी यांचे शेकडो वर्षांचे शहाणपण असते. नव्या जलाशयाच्या काठावर असे शहाणपण साठायला वेळच मिळालेला नाही. ३० एप्रिल २०१७ रोजी इंदापूर तालुक्यातल्या अजोती गावाजवळ दहा डॉक्टरांना घेऊन गेलेली होडी उलटली आणि चार जण बुडाले. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात बुडाली. होडीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. दोन लहान मुलांसह सहा जण गेले. पुढे शिरसोडी ते कुगाव अशा पुलाला शासनाची मंजुरी मिळाली. पूल हवाच, पण पूल झाला तरी पाणी राहणार आहे आणि माणसे त्यात उतरणार आहेत.

वाऱ्याची धाव

विहिरीत लाटा का नसतात आणि उजनीत का उठतात? वारा दोन्हीकडे सारखाच वाहतो. फरक आहे तो वाऱ्याला मोकळ्या पाण्यावरून किती अंतर धावायला मिळते याचा. या अंतराला आपण वाऱ्याची धाव म्हणू. वारा पाण्याला ढकलत जातो, तसतशी त्याची ऊर्जा लाटेत साठत जाते. साधारण हिशोब असा की वाऱ्याचा वेग तोच असेल तर लाटेची उंची धावेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. धाव शंभरपट झाली की लाट दहापट उंच.

ताशी ५० ते ५५ किलोमीटर वेगाचा वारा घेऊ. दहा मीटर रुंदीच्या विहिरीत तो दोन-तीन सेंटीमीटरची थरथर उठवील. दोनशे मीटर रुंदीच्या नदीत लाट दहा-अकरा सेंटीमीटर होईल. पाच किलोमीटर मोकळ्या पाण्यावर तोच वारा तासभर टिकला तर लाट अर्ध्या मीटरच्या वर जाईल, आणि अर्ध्या तासातही ती फूटभर होईल. शिवाय या लाटा समुद्राच्या लाटांसारख्या लांब-लांब नसतात. दोन लाटांमधले अंतर लहान होडीच्या लांबीएवढेच भरते. पहिल्या लाटेतून होडी सावरते न सावरते तोच दुसरी येते. भरलेल्या होडीची कड पाण्यापासून वीतभरच वर असेल तर पुढे काय होईल, हे सांगायला नको.

हा वारा येतो कधी? एप्रिल आणि मे महिन्यांत, दुपारनंतर, वळवाच्या ढगाबरोबर. ढगातून कोसळणारा थंड वारा जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो आणि पावसाच्या आधी पोहोचतो. त्याची वर्दी मिळते : क्षितिजावर धुळीची भिंत दिसते, उकाडा एकदम मोडतो, गार झुळूक येते. काठावरचा माणूस या झुळुकीने सुखावतो. पाण्यातल्या माणसाने तीच काठाकडे वळण्याची खूण मानली पाहिजे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की वादळ किती किलोमीटरवर आहे ते कळते. खरे तर गडगडाट ऐकू आला, एवढ्यावरच पाण्याबाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरू नये.

उणे साठ टक्के म्हणजे किती पाणी?

उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ असे मथळे वर्तमानपत्रांत येतात. वाचणाऱ्याला वाटते धरण आटले. हा गैरसमज गणिताच्या तासालाच दूर करता येईल.

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातील सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे सोडण्यासाठी ठेवलेल्या दारांच्या पातळीखालचे पाणी. उरलेला सुमारे ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. शून्य टक्के म्हणजे उपयुक्त साठा संपला. त्यापुढे मृतसाठ्यातले पाणी वापरले की आकडा उणे होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेली होती. आता हिशोब करा : ५३.५७ चे ६० टक्के म्हणजे सुमारे ३२ टीएमसी. ते ६३.६६ मधून वजा केले तरी साडेएकतीस टीएमसी उरतात. पुणे शहराला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चार धरणे काठोकाठ भरली तरी त्यांची बेरीज सुमारे २९ टीएमसी होते. म्हणजे ‘आटलेल्या’ उजनीत त्याहूनही जास्त पाणी होते.

शिवाय उतरलेले पाणी काही बाबतींत अधिक फसवे असते. भाटघरचे तळे नरसाळ्यासारखे आहे, तर उजनीचा काठ परातीसारखा पसरट. येथे माणूस कितीतरी आत चालत जातो आणि पाणी गुडघ्याइतकेच राहते. पण ही परात म्हणजे मुळात शेते होती. तळाशी जुन्या विहिरी आहेत, बांध आणि भिंती आहेत, ओढ्यांची पात्रे आहेत, झाडांचे खुंट आहेत. काळ्या मातीचा गाळ पाय धरून ठेवतो. गढूळ पाण्यात यांतले काहीच दिसत नाही. म्हणून अनोळखी पाण्यात सूर मारणे टाळावे, पाय आधी टाकावेत, आणि गावातल्या जाणत्या माणसाला ‘इथे खाली काय होते?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय उतरू नये. या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी, धरणापूर्वीचे गाव पाहिलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. आठवी-नववीच्या मुलांनी त्यांच्याकडून बुडालेल्या शिवाराचा नकाशा काढून घेतला, तर इतिहासाचा आणि सुरक्षिततेचा अभ्यास एकदम होईल.

पाठीवरून छातीवर

आता तरंगण्याच्या साधनांकडे परत येऊ. इ. स. पूर्व नवव्या शतकातल्या असिरियन शिल्पांत फुगवलेल्या कातडी पखालींवर नदी पार करणारे सैनिक कोरलेले आहेत. सांगडीचीच ही भावंडे. पण अंगावर घालायचे जीवरक्षक जाकीट फार पुढे आले. इंग्लंडमधल्या जीवरक्षक होड्यांच्या संस्थेसाठी कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये बुचाच्या तुकड्यांचे जाकीट तयार केले. फेब्रुवारी १८६१ मध्ये व्हिटबी येथे वादळात अशी एक होडी उलटली. तेरा जणांपैकी हेन्री फ्रीमन हा एकटाच वाचला, आणि नवे बुचाचे जाकीट त्यानेच घातले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बुचाच्या जागी कपोक आला. कपोक म्हणजे पांढऱ्या सावरीच्या बोंडातला कापूस. त्यानंतर कृत्रिम फेस आला.

तरीही एक प्रश्न सुटला नव्हता. जाकीट घातलेली माणसेही मेलेली सापडत, तोंड पाण्यात असलेल्या स्थितीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधल्या एडगर पास्क या भूलतज्ज्ञाने हा प्रश्न स्वतःच्या देहावर तपासला. त्याला भूल देऊन, घशात श्वासनळी घालून, निरनिराळी जाकिटे चढवून पोहण्याच्या तलावात सोडण्यात आले. बेशुद्ध माणूस हातपाय मारत नाही, त्यामुळे कोणते जाकीट तोंड वर ठेवते आणि कोणते खाली वळवते हे स्पष्ट दिसले. आधार किती आहे याइतकेच तो कोठे आहे हेही महत्त्वाचे असते. छातीवर आणि मानेमागे असलेला आधार शरीराला उताणे करतो.

आपला पाठीवरचा डबा याच्या नेमका उलट काम करतो. पालथे पोहायला शिकताना तो उत्तम, कारण तो पाठ वर उचलतो. पण दमलेल्या किंवा बेशुद्ध झालेल्या माणसाची पाठच तो वर ठेवील आणि तोंड पाण्यात जाईल. डबा शिकण्यासाठी आहे, होडीत बसताना तो जाकिटाची जागा घेऊ शकत नाही.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली जेमतेम तरंगेल इतके पाणी भरून बंद करा आणि एका बाजूला चेहरा काढा. चेहऱ्याच्या मागच्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा रबराने बांधून ती बादलीत चेहरा वर करून सोडा. ती लगेच उलटेल. तोच तुकडा चेहऱ्याच्या बाजूला, थोडा खाली बांधा. आता बाटली कशीही टाकली तरी चेहरा वर येईल.

जाकिटावर आधाराचा आकडा न्यूटनमध्ये लिहितात. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा आधार. पन्नास न्यूटनची जाकिटे पोहता येणाऱ्यांसाठी, काठाजवळ वल्हवताना वापरायची असतात. शंभर आणि दीडशेची जाकिटे बहुतेक वेळा बेशुद्ध माणसालाही उताणे करू शकतात. मुलांसाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर जाकीट वर राहते आणि मूल खाली निसटते. होडीत अंथरलेले किंवा सीटखाली ठेवलेले जाकीट उलटल्यावर हाती लागत नाही. ते निघण्यापूर्वीच अंगात असायला हवे.

शाळेने काय करावे

सहल तलावावर जाणार असेल तर काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. उन्हाळ्यात पाण्यावरचे काम सकाळी उरकावे. होडीत जाकिटांपेक्षा एकही माणूस जास्त नको, उभे राहणे नको, फोटोसाठी एका बाजूला सरकणे नको. होडी उलटून तरंगत राहिली तर तिला धरून राहावे, काठ जवळ दिसला तरी पोहत निघू नये. सपाट पाण्यावर अंतराचा अंदाज नेहमी कमी येतो. पोहायचे तर काठाला समांतर आणि जोडीने. आज मोकळ्या पाण्यात पोहणारे लोक कमरेला दोरीने एक भडक रंगाचा फुगा बांधतात. तो म्हणजे सांगडच आहे, प्लास्टिकची.

शेततळ्यांबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ती मुलांच्या घराला लागून आहेत. प्लास्टिक अंथरलेला उतार ओला झाला की त्यावर पाय टिकत नाही. पट्टीचा पोहणाराही त्यातून बाहेर येऊ शकत नाही. कुंपण, आणि चारही बाजूंनी पाण्यापर्यंत सोडलेला गाठी मारलेला दोर, एवढ्याने जीव वाचू शकतो.

कोणी बुडताना दिसले तर पाण्यात उडी घेऊ नये. मोठ्याने ओरडावे, काठी, साडी किंवा दोर टाकावा. पाच लिटरचा रिकामा कॅन घट्ट बंद करून दोराला बांधून फेकला की जुन्या भोपळ्याएवढाच आधार मिळतो. बाहेर काढलेल्या माणसाला पालथे घालून पोट दाबण्याची रीत सोडून द्यावी, तिच्यात मोलाची मिनिटे जातात. बुडालेल्याला आधी हवा लागते. तोंडाने श्वास देण्याची पद्धत सफर आणि एलम यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांनी प्रस्थापित झाली आहे. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि वैद्यकीय मदत बोलवावी. प्रत्येक शाळेत निदान दोन शिक्षकांनी याचे प्रशिक्षण घेतलेले असावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. २००० सालापासून हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटले आहे, म्हणजे हे मृत्यू टाळता येतात. २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये ठरवला. आपल्याकडे तो ऐन पावसाळ्यात येतो. भीमा-नीरेच्या काठच्या शाळांनी मात्र उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी, मार्चमध्येच, बाटलीचा प्रयोग, टीएमसीचे गणित आणि कॅन फेकण्याचा सराव यासाठी दोन तास राखून ठेवावेत. सुटी लागल्यावर मुले पाण्याकडे जाणारच आहेत.